कुत्र्याचं पान: विक्रोळीतल्या एका घराचं प्रकरण

फॅमिली डॉक्टरांच्या चिठ्ठीवर दोन शक्यता लिहिल्या होत्या आणि दोन्हींपुढे प्रश्नचिन्ह होतं: विस्मरण, नैराश्य. रुग्ण ७१ वर्षांचे, बेस्टमधून निवृत्त झालेले कंडक्टर, राहणार कन्नमवार नगर, विक्रोळी. पहाटे साडेचारला उठून दार उघडतात आणि जिन्यात उभे राहतात. विचारलं तर “काही नाही” म्हणतात. जेवण निम्म्यावर आलंय, दोन महिन्यांत वजन चार किलोंनी उतरलंय. बोलता बोलता मध्येच स्वयंपाकघराकडे मान वळवतात, तिथे कोणी नसतं.

कुत्रा गेल्याचा उल्लेख चिठ्ठीत नव्हता. तो सुनेने निघता निघता दारात केला. “ऑगस्टमध्ये आमचा कुत्रा गेला, तेवढंच काय ते घरात झालंय.”

हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे, कारण मुंबईत अशी घरं मला पुन्हा पुन्हा भेटतात आणि त्यांचं दुःख दवाखान्यात दुसऱ्याच नावाने येतं. कधी पित्त, कधी निद्रानाश, कधी मुलाचं पोट दुखणं. कुटुंबाची परवानगी घेतली आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत, कुत्र्याचं नावही. इथे त्याला बंड्या म्हणू.

घर आणि बंड्या

घरात चौघं. आजोबा, खासगी बँकेच्या बॅक ऑफिसात असलेला मुलगा, महापालिकेच्या शाळेत शिकवणारी सून आणि चौथीतली नात. आजी २०१७ साली गेल्या. म्हाडाची जुनी इमारत, दुसरा मजला, लिफ्ट नाही.

बंड्या २०११ सालचा. आजोबांच्या निवृत्तीच्या वर्षी डेपोत उभ्या बसखाली सापडलेलं गावठी पिल्लू, तांबूस रंगाचं, एक कान कायम पडलेला. आजींनी पहिला आठवडा त्याला गॅलरीत ठेवलं, दुसऱ्या आठवड्यात तो त्यांच्या पायाशी झोपायला लागला.

मी प्रत्येकाला एकच प्रश्न विचारला: बंड्याचं काय काय तुमच्याकडे होतं? “कसं वाटतंय” असं विचारलं तर आपल्याकडे बहुतेक माणसं “ठीक आहे” म्हणतात, वडीलधारे तर हमखास. कामाबद्दल विचारलं की बोलतात. आणि या घरात कामांची वाटणी पक्की होती.

पहाटेचा फेरा आजोबांचा. पहिल्या पाळीच्या ड्युटीसाठी आयुष्यभर साडेचारला उठलेला माणूस. निवृत्तीनंतर त्या उठण्याला बंड्यामुळे कारण उरलं. दोघं खाडीच्या बाजूला जाऊन यायचे, वाटेत चहाच्या टपरीवर थांबायचे. टपरीवाला बंड्याला पार्ले-जी द्यायचा. आजोबांची ओळखपाळख सगळी त्या वाटेवरची, आणि तिथल्या निम्म्या लोकांना आजोबांचं नाव माहीत नव्हतं, बंड्याचं माहीत होतं.

जेवण आणि स्वच्छता सुनेकडे. औषधं, डॉक्टर, खर्च मुलाकडे. नात त्याला शाळेतल्या कविता म्हणून दाखवायची.

बंड्या गेल्यावर चौघांचं चार प्रकारे काहीतरी गेलं. आजोबांचा दिवस जिथून सुरू व्हायचा, ती जागाच रिकामी झाली. मुलाच्या हातात एक निर्णय उरला. सून अजून भाताला बंड्याची अर्धी वाटी धरून तांदूळ घेत होती आणि रोज उरलेला भात गुपचूप फोडणीला टाकत होती. हे घरात कोणालाच माहीत नव्हतं.

आजार आणि तो गुरुवार

२०२४ च्या उन्हाळ्यात बंड्या पाणी फार प्यायला लागला, मग खाणं सुटलं. रक्त तपासलं तेव्हा क्रिएटिनिन, म्हणजे किडनीने बाहेर टाकायचा टाकाऊ पदार्थ, साडेपाचच्या वर होतं. कुत्र्यांच्या किडनीच्या जुनाट आजाराच्या चार पायऱ्या धरतात, आणि ५ च्या वरचं क्रिएटिनिन ही शेवटची पायरी. या आजारातली वाईट गोष्ट अशी की रक्तात हा आकडा चढतो तोवर किडनीचं साधारण तीन चतुर्थांश काम बंद पडलेलं असतं. मालकाचं लक्ष नव्हतं म्हणून उशीर झाला असं फार क्वचित असतं. हे मी मुलाला पुन्हा पुन्हा सांगितलं.

मुलाने सलाईन द्यायला शिकून घेतलं. रोज रात्री ऑफिसातून आल्यावर खिडकीच्या गजाला बाटली टांगून मानेमागच्या सैल कातडीखाली सुई. आजोबा तेव्हा बाहेर जाऊन बसायचे, त्यांना सुई बघवत नसे. शेवटच्या तीन आठवड्यांत बंड्याला जिना उतरवेना, तेव्हा मुलगा त्याला दोन मजले उचलून खाली न्यायचा आणि उचलून वर आणायचा. तोंडात व्रण पडले होते, वास यायचा. सून रात्री दोन-दोनदा फरशी पुसायची. एका रात्री ती नवऱ्याला म्हणाली, “आता बघवत नाही, सोडवा त्याला.”

डॉक्टरांचंही तेच मत होतं. मुलाने शेवटच्या इंजेक्शनसाठी गुरुवारची सकाळ ठरवली, कारण गुरुवारी आजोबा दत्ताच्या देवळात जातात आणि आरती होईपर्यंत येत नाहीत. त्यांना ते बघायला लागू नये एवढाच त्याचा हेतू होता. आजोबा प्रसाद घेऊन घरी आले तेव्हा कोपऱ्यातलं गोधडीचं अंथरूण उचललेलं होतं.

मुलाने बंड्याला मित्राच्या गाडीतून मालाडला नेलं. महापालिकेने २०२३ साली तिथे छोट्या प्राण्यांसाठी दहनगृह सुरू केलं, नैसर्गिक वायूवर चालणारं. तिथे पैसे पडत नाहीत. त्याआधी मुंबईत असं मरण आलं की मध्यमवर्गीय घरात पहिला प्रश्न “आता न्यायचं कुठे” हाच असायचा, आणि परळच्या बैलघोडा या प्राण्यांच्या हॉस्पिटलात फोन व्हायचे. मुलाने ऑफिसात ताप आल्याचं कळवलं. दुसऱ्या दिवशी तो कामावर होता.

नातीला सांगितलं, बंड्याला गावाला पाठवलंय. देवरुखजवळ त्यांचं घर आहे, चुलते असतात. “तिकडे मोकळी हवा आहे, मे महिन्यात जाऊ तेव्हा भेटेल.”

घरातलं मौन

या प्रकरणातलं सगळ्यात महत्त्वाचं कारण मला इथे सापडलं. नातीला खोटं सांगितलं, आणि त्या खोट्यामुळे आजोबांचं तोंड बंद झालं. अडीच खोल्यांचं घर. नात झोपल्याशिवाय बंड्याचं नाव काढायचं नाही. रडायचं नाही, फोटो बघायचा नाही, शेजाऱ्यांनी विचारलं तर “गावाला” म्हणायचं. आजोबा खोटं बोलायला तयार नव्हते, म्हणून त्यांनी पहाटेच्या वाटेवर जाणंच सोडलं; टपरीवाल्याला काय सांगायचं? ज्या चार माणसांनी “अरेरे, कधी?” असं विचारलं असतं, तीही त्यामुळे तुटली.

आपल्याकडे माणूस गेला की घराला काय करायचं ते ठरलेलं असतं. सुतक लागतं, स्वयंपाक शेजारून येतो, दहावं होतं, लोक येऊन बसतात आणि तेच तेच विचारतात. त्या तेच तेच विचारण्यात फार मोठी सोय आहे: गेलेल्याची शेवटची हकीकत पंधरा वेळा सांगून होते. कुत्र्याला सुतक नाही. ७ सप्टेंबरला घरात गणपती आले, नेहमीसारखे दीड दिवसांचे. सुतक असतं तर त्या वर्षी आणले नसते. आरतीला आजोबा आतल्या खोलीत बसून राहिले. पाहुण्यांना सांगितलं, गुडघा दुखतोय.

मग पितृपंधरवडा आला. श्राद्धाच्या दिवशी गायीला, कावळ्याला, कुत्र्याला वेगळं पान काढतात. कावळ्याचं पान गच्चीवर जायचं, गायीचं देवळाजवळ गाय घेऊन बसणाऱ्या बाईकडे. कुत्र्याचं पान २०१८ पासून दर वर्षी बंड्या खायचा. आजींच्या तिथीला आजींच्या नावाचं पान बंड्या खातो, याचं आजोबांना फार समाधान होतं. या वेळी सुनेने पान वाढलं आणि विचारलं, खाली वॉचमनच्या कुत्र्याला देऊ का? आजोबा म्हणाले, “ठेव तिथेच.” संध्याकाळपर्यंत ते पानाशेजारी बसून होते. नात विचारत होती, आजोबा, कोणाचं आहे हे? त्यानंतर चार दिवसांनी सून त्यांना डॉक्टरकडे घेऊन गेली.

तपासणीत काय दिसलं

विस्मरणाची शंका आधी दूर करणं गरजेचं होतं. वय ७१, वजन उतरलेलं, वागणं बदललेलं. अशा वेळी “दुःख आहे” म्हणून हात झटकणं धोक्याचं. फॅमिली डॉक्टरांनी थायरॉइड आणि बी-१२ तपासलं होतं, दोन्ही ठीक. स्मरण आणि आकलनाच्या मोका चाचणीत शिक्षणाची सूट धरून ३० पैकी २७ गुण आले. २६ आणि वर म्हणजे सर्वसाधारण. घड्याळ त्यांनी नेटकं काढलं. जुन्या मार्गांचे सगळे थांबे क्रमाने म्हणून दाखवले, तेही मी न विचारता.

नैराश्याच्या पीएचक्यू-९ प्रश्नावलीत २७ पैकी १२ आले. १० किंवा त्याहून जास्त आले की लक्ष द्यावं लागतं. पण गुण कुठल्या प्रश्नांवर मिळाले ते बघितलं पाहिजे. बहुतेक गुण झोप, भूक, उत्साह यांवर होते. “आपण कुचकामी आहोत” या प्रश्नावर शून्य, मरणाच्या विचारावर शून्य. बंड्याने एकदा फराळाच्या डब्यातल्या चकल्या कशा पळवल्या ते सांगताना आजोबा मोकळे हसले आणि लगेच डोळे पुसले. अशी हसण्या-रडण्याची ये-जा शोकात दिसते. गाढ नैराश्यात आठवणीने हसू येणं फार कमी दिसतं.

राहिलं मान वळवणं. त्यांना फरशीवर नखांचा आवाज यायचा. हे सांगताना ते इतके घाबरले होते की त्यांनी आधी दार लावायला सांगितलं. मी त्यांना वेल्समधल्या डॉक्टर रीस यांच्या कामाबद्दल सांगितलं. १९७१ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात २९३ विधवा-विधुरांपैकी जवळजवळ निम्म्यांनी गेलेल्या जोडीदाराचं असणं जाणवल्याचं सांगितलं होतं, आणि बहुतेकांनी ते त्याआधी कोणाला सांगितलं नव्हतं. तेरा वर्षं एका घरात जो आवाज रोज आला, तो कान इतक्यात सोडत नाही. “म्हणजे डोकं फिरलेलं नाही,” आजोबा म्हणाले. नाही, आजोबा.

दीर्घकालीन शोकविकाराचा शिक्का मारण्याचाही प्रश्न नव्हता. २०२२ च्या अमेरिकी निकषांत प्रौढांसाठी निदान बारा महिन्यांनीच करता येतं, आणि ते निकष माणसाच्या मृत्यूसाठी लिहिलेले आहेत. अमेरिकेतल्या केनेथ डोका यांनी १९८९ साली समाजाने मान्यता न दिलेल्या दुःखाची कल्पना मांडली. पाळीव प्राण्याचं मरण हे त्याचं नेहमी दिलं जाणारं उदाहरण. या घरात बाहेरच्या समाजाची गरजही पडली नाही, मान्यता घरातच थांबवली गेली होती, आणि तीही प्रेमापोटी.

एका सहकाऱ्याचं मत होतं की हा खरा शोक आजींचा आहे, बंड्या निमित्त. पान, तिथी, आजींच्या पायाशी झोपणारा कुत्रा, सगळं जुळत होतं. मला ते पटत नव्हतं, तरी आजोबांना सरळ विचारलं. ते थोडे रागावलेच. “ताई, हिला जाऊन सात वर्षं झाली. तिच्यासाठी रडायचं तेवढं मी रडलो, सगळं रीतीने केलं. आता मी बंड्यासाठी रडतोय. त्याच्यासाठी रडायला काय हरकत आहे?” माझं स्पष्ट मत आहे की कुत्र्याच्या दुःखामागे माणसाचं दुःख शोधायची घाई ही त्या दुःखाला नाकारायचीच एक सभ्य रीत आहे. बंड्याच्या जाण्याने आजींची आठवण निघाली, निघणारच. तरी मेला होता बंड्या.

नातीला सांगणं

खोटं मागे घ्या, असं मी पहिल्याच भेटीत सुचवलं होतं. मुलगा तयार नव्हता. नऊ वर्षांची आहे, सहन होणार नाही, मेमध्ये बघू.

त्याच सुमारास, ९ ऑक्टोबरच्या रात्री, रतन टाटा गेले. दुसऱ्या दिवशी एनसीपीएच्या हिरवळीवर लोक अंत्यदर्शनाला येत होते आणि त्यांच्या ‘गोवा’ नावाच्या कुत्र्यालाही तिथे आणलं होतं. सगळ्या वाहिन्यांवर ते दाखवत होते. नात टीव्हीसमोर होती. ती म्हणाली, “त्याला शेवटचं बघायला आणलं. मग आम्हाला बंड्याला बाय पण का नाही करू दिलं?” आणि मग, कोणी काही बोलायच्या आत, “मी त्याला वास येतो म्हटलं म्हणून पाठवला ना?”

बंड्याचा पट्टा आणि ताटली घरातच राहिली होती, आणि या दोन वस्तूंवर तिचा दोन महिने विचार चालला होता. गावाला जाताना कोणी आपलं सामान ठेवून जात नाही. तिने काढलेला निष्कर्ष असा की बंड्याला शिक्षा म्हणून, घाईत, काही न देता पाठवलं, आणि ती शिक्षा तिच्या तक्रारीमुळे झाली. या वयाच्या मुलांना मृत्यू म्हणजे परत न येणं हे नीट कळतं. न सांगितलेल्या जागा मुलं स्वतः भरतात, आणि बऱ्याचदा स्वतःला दोषी धरून.

सांगायचं वडिलांनी, हे ठरवलं. शब्द आम्ही आधी एकत्र बसून लिहिले. बंड्या मेला. त्याच्या किडन्या बंद पडल्या होत्या आणि औषधाने सुरू होणार नव्हत्या. डॉक्टरांनी इंजेक्शन दिलं आणि त्याचं शरीर थांबलं. तो परत येणार नाही. तू काही बोललीस किंवा केलंस म्हणून हे झालं नाही. आम्ही तुला खोटं सांगितलं, ते आमचं चुकलं.

तिने विचारलं, “दुखलं का?” मग विचारलं, “आजोबांना माहीत होतं?” आणि जाऊन आजोबांच्या मांडीवर बसली. दोघं रडली, पहिल्यांदाच उजेडी, दार उघडं असताना. आईवर मात्र तिचा राग बरेच दिवस राहिला, कारण गावाची गोष्ट आईने सांगितली होती. तो राग योग्य होता आणि सुनेने तो सोसला. त्याच आठवड्यात तिने अर्ध्या वाटीची गोष्ट मला सांगितली. तोवर ती प्रत्येक भेटीला इतरांची लक्षणं सांगायला यायची.

बाप आणि मुलगा

आजोबांना औषधाची गरज पडली नाही. त्यांना हकीकत हवी होती. एका भेटीत मुलाने त्या गुरुवारची सकाळ पहिल्यापासून सांगितली: उचलून कसं नेलं, टेबलावर गोधडी कशी घातली, आधी गुंगीचं इंजेक्शन, मग दुसरं. आजोबांनी एकदाच मध्ये विचारलं, “मान कुणाच्या हातात होती?”

“माझ्या.”

बराच वेळ कोणी बोललं नाही. मग आजोबा म्हणाले, “मला सांगायला हवं होतंस.” मुलगा म्हणाला, “तुम्ही हो म्हणाला नसता, अण्णा.” दोघांचंही खरं होतं. मी मध्ये पडले नाही.

मुलाला छळणारं दृश्य वेगळं होतं. बंड्याचे डोळे उघडे राहिले होते आणि सगळं संपल्यावर त्याने एकदा मोठा श्वास घेतला होता. दोन महिने त्याला वाटत होतं की बंड्या जिवंत होता आणि आपण सही केली. दवाखान्यात हे आधी कोणी सांगितलेलं नव्हतं. डोळे मिटायला स्नायूंना काम करावं लागतं, म्हणून मेल्यावर ते उघडेच राहतात. हृदय थांबल्यानंतरही छातीचे स्नायू एकदोनदा आकसतात, ते श्वासासारखं दिसतं. त्यात जाणीव नसते. आपल्या कुत्र्याला शेवटचं इंजेक्शन द्यायची वेळ ज्या घरावर येईल, त्याने हे डॉक्टरांना आधी विचारून घ्यावं आणि घरातल्या सगळ्यांना सांगावं. कोणी हजर राहायचं आणि कोणी नाही, हे ज्याचं त्याला ठरवू द्यावं, म्हाताऱ्यांनाही.

निर्णय घाईचा होता का, हे बघायला आम्ही पशुवैद्य ॲलिस व्हिलालोबोस यांची सात गोष्टींची मोजपट्टी घेतली: वेदना, भूक, पाणी, स्वच्छता, आनंद, हालचाल, आणि वाईट दिवसांपेक्षा चांगले दिवस जास्त आहेत का. प्रत्येकाला दहापैकी गुण. ७० पैकी ३५ च्या वर असेल तर जगणं सुसह्य धरतात. मुलाच्या फोनमधल्या नोंदींवरून शेवटच्या आठवड्याचे गुण काढले, ते १४ आले. मला वाटलं होतं त्याला हलकं वाटेल. तो म्हणाला, “मग मी आठवडाभर उगाच छळलं त्याला.” लवकर केलं हा अपराध उशीर केला या अपराधात बदलला, एवढंच. अपराधीपण असं बाजू बदलतं तेव्हा आणखी पुरावे देऊन ते हटत नाही.

आता

नोव्हेंबरात आजोबांच्या सांगण्यावरून चौघं एका रविवारी मालाडला जाऊन आली. त्यांना ती जागा बघायची होती. पहाटेचा फेरा त्यांनी पुन्हा सुरू केला, आधी आठवड्यातून दोनदा. टपरीवाल्याला सांगून झालं. त्याने त्या दिवशी चहाचे पैसे घेतले नाहीत. डिसेंबरात पीएचक्यू-९ वर ५ गुण, वजन दीड किलोने परत आलं. नखांचा आवाज कधीमधी येतो. आता ते नातीला सांगतात, “ऐकलंस?” ती नाही म्हणते.

नातीला दुसरं पिल्लू हवंय. सुनेला नकोय, निदान इतक्यात. आजोबांचा प्रश्न वेगळा आहे: आता आणलं तर त्याच्या तेराव्या वर्षी मी ८४ चा असेन, तेव्हा जिना कोण उतरवेल? मी त्यांना घाई करू नका एवढंच म्हटलंय.

मुलगा अजून येतो. शेवटच्या आठवड्याबद्दल तो आता कमी बोलतो, खिडकीच्या गजाबद्दल जास्त. तिथे बाटली टांगायची तार अजून आहे आणि ती काढायची की नाही, हे घरात कोणीच त्याला विचारलेलं नाही. पुढच्या भेटीला आजोबांनाही बोलवायचं ठरलंय.